मदरबोर्ड कसा निवडावा? शाळेचा किंवा घरचा कॉम्प्युटर स्वतः जोडण्याआधी



दहावी-बारावीचे निकाल लागले की मला एक प्रश्न हमखास येतो. "बाई, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. आय फाइव्ह घेऊ का?" शिकवते मी चौथीला. पण चौथीतल्या मुलांना मोठी भावंडे असतात, आणि शाळेतला कॉम्प्युटर बाईंनी स्वतः जोडलाय हे गावभर माहीत आहे. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

माझे उत्तर ठरलेले आहे. आय फाइव्ह की आय थ्री ते नंतर बघू, आधी सांगा, बोर्ड कुठला घालणार?

यावर समोरचा माणूस गप्प होतो. त्याचा दोष नाही. दुकानदार कोटेशन देतो तेव्हा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांची नावे व्यवस्थित लिहितो आणि खाली नुसते "मदरबोर्ड – १ नग" असे लिहून मोकळा होतो. खरे तर पुढची सात-आठ वर्षे तो कॉम्प्युटर दुरुस्त होत राहील की लवकरच भंगारात जाईल, हे बरेचसे त्या एका ओळीवर ठरते. आजचा पाठ त्या ओळीचा.

मदरबोर्ड म्हणजे पेटीतली मोठी पाटी

आपल्याकडे त्या अख्ख्या पेटीलाच "सीपीयू" म्हणतात. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्येही मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माउस अशाच नोंदी असतात. प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे प्रोसेसर, छोट्या बिस्किटाएवढी एक चकती. पेटीचे दार उघडल्यावर आत जी मोठी हिरवी किंवा काळी पाटी दिसते, तो मदरबोर्ड. प्रोसेसर, रॅम, डिस्क, कीबोर्ड, मॉनिटर सगळे याच पाटीला येऊन जोडले जातात. त्यातल्या बऱ्याच भागांना वीजही हिच्यावरूनच मिळते, आणि ते एकमेकांशी बोलतात ते हिच्यावरच्या तांब्याच्या बारीक रेषांमधून.

रॅम कमी पडली तर रॅम वाढवता येते. डिस्क गेली तर नवी डिस्क. पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो जळला तर तेवढाच बदलता येतो. पण बोर्ड बदलायचा म्हणजे सगळे सुटे करा. शिवाय जुन्या प्रोसेसरला आणि जुन्या रॅमला चालेल असा बोर्ड पाच वर्षांनी बाजारात नवा मिळेलच असे नाही. मग एका बोर्डापायी तीन वस्तू बदलाव्या लागतात.

हे मला पुस्तक वाचून कळले नाही. चूक करून कळले.

बसला, पण चालला नाही

२०१९ ची गोष्ट. आमची दोन शिक्षकी शाळा. १५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर गावकऱ्यांनी कॉम्प्युटरसाठी वर्गणी जमा केली. कुणी पाचशे दिले, कुणी पन्नास. गावातल्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने पैशांऐवजी आय थ्री-८१०० हा कोरा प्रोसेसर दिला. प्रोसेसर फुकट मिळाला, आता बाकीचे स्वस्तात होईल, असा आमचा हिशेब.

तालुक्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट ११५१. हा बोर्डही ११५१. डोळे झाकून न्या." बोर्ड होता एच११० चिपसेटचा. मी खरेच डोळे झाकून नेला.

२ ऑक्टोबरला कार्यक्रम ठेवला. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी व्हिडिओ बघत बघत सगळे जोडले. प्रोसेसर जागेवर अगदी नीट बसला. बटण दाबले, पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला. रात्री अकरापर्यंत केबली काढल्या, घातल्या, रॅम पुसली. दुसऱ्या दिवशी सरपंच, पालक, वर्गणी देणारी म्हातारी माणसे पुढच्या सतरंजीवर बसलेली, आणि टेबलावर हार घातलेला बंद कॉम्प्युटर. पहिलीतला एक जण दर पाच मिनिटांनी विचारत होता, "बाई, कधी लागणार?"

कारण नंतर समजले. ११५१ नावाची सॉकेट प्रत्यक्षात दोन प्रकारची आहे. इंटेलने २०१५ मध्ये हे सॉकेट आणले तेव्हा ते सहाव्या आणि पुढे सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी होते. त्यांचे बोर्ड १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटचे, म्हणजे एच११०, बी२५० वगैरे. २०१७ मध्ये आठवी पिढी आली. पिनांची संख्या तीच ठेवली, आकार तोच ठेवला, पण काही पिनांची कामे बदलली. या पिढीला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो, एच३१० किंवा बी३६० असा. म्हणजे प्रोसेसर दोन्हींत बसतो, चालतो एकातच.

दुकानदाराने खोके फोडले म्हणून बोर्ड परत घेतला नाही. मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, त्यालाही हे माहीत नसावे. वर्गणीच्या वहीत मी त्या बोर्डाची किंमत माझ्या नावावर टाकली आणि एच३१० चा बोर्ड मागवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनी कॉम्प्युटर सुरू झालेला पाहिला. पैशांचे जाऊ द्या, पण लोकांनी विश्वासाने दिलेल्या पन्नास-पन्नास रुपयांपुढे बंद पडदा घेऊन उभे राहणे फार अवघड असते. पुढचे सगळे लिहितेय ते त्यासाठीच.

आधी पिढी वाचायला शिका

इंटेलच्या नावात आय थ्री, आय फाइव्ह हा वर्ग झाला. त्यापुढच्या आकड्यात पिढी असते. ८१०० म्हणजे आठवी पिढी, १०१०० म्हणजे दहावी, १२१०० म्हणजे बारावी. मुलांना आपण स्थानिक किंमत शिकवतो तसेच आहे. मागचे तीन अंक बाजूला ठेवा, उरेल ती पिढी. (अलीकडच्या "कोअर अल्ट्रा" नावाच्या प्रोसेसरना हा नियम लावू नका.) म्हणून "आय फाइव्ह आहे" हे वाक्य अपुरे आहे. तिसऱ्या पिढीचा आय फाइव्ह आणि बाराव्या पिढीचा आय थ्री समोरासमोर ठेवले तर आय थ्री सरळ पुढे जातो.

पिढीवरून सॉकेट ठरते. दहावी आणि अकरावी पिढी एलजीए १२०० मध्ये बसते. बारावी, तेरावी, चौदावी एलजीए १७०० मध्ये. २०२४ च्या अखेरीस आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागते. हे आकडे म्हणजे सॉकेटमधल्या संपर्कबिंदूंची संख्या.

एएमडी कंपनीचे गणित थोडे सोपे आहे. रायझेन प्रोसेसर २०१७ मध्ये एएम४ सॉकेटवर आले आणि २०२० मध्ये आलेली रायझेन ५००० मालिकाही त्याच सॉकेटवर होती. २०१८ मध्ये बी४५० चा बोर्ड घेतलेल्या माणसाला नंतर बायोस अपडेट करून त्यात ५००० मालिकेचा प्रोसेसर घालता आला. एवढ्या काळात इंटेलने दोनदा सॉकेट बदलले. २०२२ मध्ये एएमडीचेही नवे सॉकेट आले, एएम५. ज्यांना तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून कॉम्प्युटर ताजा करायचा आहे, त्यांनी एएमडीचा विचार जरूर करावा. आमच्यासारख्या शाळेत एकदा घातलेला प्रोसेसर कुणी बदलत नाही. तिथे तालुक्याला दुरुस्तीला काय सहज मिळते, हे जास्त महत्त्वाचे.

चिपसेटचे अक्षर आणि आकडा

बोर्डाच्या नावात एच६१०, बी७६०, झेड७९० असे काहीतरी दिसेल. हा चिपसेट. इंटेलमध्ये एच६१० सारखा "एच" आणि शेवटी "१०" असलेला चिपसेट सर्वात साधा, बी मधला, आणि झेड म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणणाऱ्या हौशी लोकांचा. एएमडीत ए साधा, बी मधला, एक्स वरचा. वर्गात व्हिडिओ दाखवणे, यूडायस आणि शालार्थचे काम, प्रश्नपत्रिका टाईप करणे, मुलांचे स्क्रॅच, एवढ्यासाठी एच किंवा ए पुरतो. घरी इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा असेल, पुढे ग्राफिक्स कार्ड, जास्त रॅम असे काही लागणार असेल, तर बी घ्या. झेडसाठी दुकानदार आग्रह करेल. नम्रपणे नाही म्हणा.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात शिकलेली माणसेही पडतात. बी४५०, बी५५०, बी६५० हे एएमडीचे बोर्ड. बी४६०, बी५६०, बी६६० हे इंटेलचे. मधल्या एका अंकाचा फरक! फोनवर ऑर्डर देताना "बी सहाशे पन्नास" आणि "बी सहाशे साठ" यात गोंधळ झाला तर घरी येणारा बोर्ड तुमच्या प्रोसेसरचा तोंडवळासुद्धा ओळखणार नाही. ऑर्डर लिहूनच द्या, तीही पूर्ण मॉडेल नावासकट.

खरी खात्री कुठे करायची? दुकानात नाही, आणि माझ्या लेखातही नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर "सीपीयू सपोर्ट" अशी यादी असते. त्यात तुमच्या प्रोसेसरचे नाव शोधा. नाव असेल तर त्याच ओळीत बायोसची आवृत्ती लिहिलेली असते, म्हणजे किमान कुठल्या आवृत्तीपासून तो प्रोसेसर चालतो ते. बायोस म्हणजे बोर्डावरच कायम बसवलेला छोटा प्रोग्राम. विंडोज सुरू व्हायच्या आधी तो जागा होतो आणि हजेरी घेतो : प्रोसेसर हजर? रॅम हजर? डिस्क हजर? नवीन पिढीचे नाव त्याच्या हजेरीपटावर नसेल तर विद्यार्थी वर्गात बसूनही गैरहजर. एच६१० बोर्ड बाराव्या पिढीबरोबर आला, त्यामुळे दुकानात दोन वर्षे पडून राहिलेल्या एच६१० वर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावला तर पडदा काळा राहू शकतो. बोर्ड चांगला असतो, हजेरीपट जुना असतो. घेतानाच दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्यावा. घरी आणल्यावर ते करायला आधी एक जुना प्रोसेसर उसना आणावा लागतो.

"एफ" अक्षर आणि प्रोजेक्टर

२०२३ मध्ये आम्ही दुसरा कॉम्प्युटर जोडला, डिजिटल वर्गासाठी. या वेळी यादी करून गेले. तरी एका ठिकाणी अडकता अडकता वाचले.

आय थ्री-१२१०० आणि आय थ्री-१२१००एफ असे दोन प्रोसेसर मिळतात. एफवाला स्वस्त. दुकानदार म्हणाला, "वेग सेम आहे मॅडम, कशाला जास्त देता?" वेग जवळपास सारखाच, हे खरे. पण एफ म्हणजे त्यात चित्र तयार करणारा भाग, ग्राफिक्स, नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआय आणि व्हीजीए अशी मॉनिटरची भोके असतात. त्यांना चित्र येते ते प्रोसेसरमधून, बोर्डातून नव्हे. एफ प्रोसेसर घातला तर ती भोके नुसती शोभेची. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्या. म्हणजे वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च. एएमडीच्या एएम४ मध्ये उलटे आहे. तिथे ५६००जी सारखे शेवटी "जी" असलेले प्रोसेसर चित्र देतात, साधा ५६०० देत नाही.

दुसरी गोष्ट, आमचा प्रोजेक्टर जुना. त्याला निळ्या पंधरा टाचण्यांची व्हीजीए केबल लागते. आजकाल बऱ्याच बोर्डांवर व्हीजीए नसते. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा कन्व्हर्टर मिळतो, पण शाळेत तो दोन महिन्यांत हरवतो किंवा वाकतो, हा माझा अनुभव. एच६१० चे काही बोर्ड व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही देतात. तसला शोधून घेतला. एका भोकात मॉनिटर, दुसऱ्यात प्रोजेक्टर. मी मॉनिटरवर पुढचे पान बघते, मुले भिंतीवर आत्ताचे.

म्हणून बोर्डाचा फोटो बघताना पुढची बाजू नको, मागची भोके मोजा. यूएसबी किती? कीबोर्ड, माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, मोबाइलची केबल धरली तर पाच लागतातच. वायफाय आहे का? साध्या बोर्डावर बहुधा नसते, फक्त लॅनचे भोक असते. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे माझा मोबाइल. तो यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केले की काम होते. तेवढ्यासाठी वायफायवाल्या महाग बोर्डाची गरज पडली नाही. घरी राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर तुमचे गणित वेगळे.

रॅमची खाच

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकीच्या सोनेरी कडेला एक खाच असते आणि ती वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवायचा प्रयत्न केला तर बोर्डाचाच स्लॉट तुटतो. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. प्रोसेसर दोन्ही चालवतो, बोर्ड मात्र सहसा एकच प्रकार घेतो. नावात "डी४" असे असेल तर ते डीडीआर४ चे चिन्ह. एएम५ वर फक्त डीडीआर५. शाळेत आधीपासून डीडीआर४ च्या पट्ट्या असतील तर डीडीआर४ चाच बोर्ड घेऊन ते पैसे वाचवा.

स्लॉट दोन आहेत की चार, तेही बघा. एच६१० वर दोनच मिळतात. सुरुवातीला आठ जीबीची एकच पट्टी घाला, दुसरा स्लॉट पुढच्या वर्षीच्या वर्गणीसाठी रिकामा ठेवा. चार जीबीच्या दोन पट्ट्या घालून दोन्ही स्लॉट अडवू नका.

डिस्कविषयी एकच सांगते. बोर्डावर एम.२ चा स्लॉट आहे ना, आणि तो एनव्हीएमई चालवतो ना, एवढे पाहा. रॅमच्या पट्टीसारखी दिसणारी ही डिस्क थेट बोर्डावर आडवी बसते, तिला केबल लागत नाही. नावात २२८० असेल तर २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज सुरू होईपर्यंत अर्धा तास जायचा आणि मुले तोवर भांडायची. तो त्रास संपला.

नवा कोरा, पण जुना

पालकांनी हा भाग नीट वाचावा. बाजारात आजही एच६१, एच८१ या चिपसेटचे नवे कोरे बोर्ड खोक्यात मिळतात. एच६१ मूळ २०११ सालचा, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठीचा. एच८१ २०१३ चा, चौथ्या पिढीसाठीचा. त्यावर वापरलेला जुना आय फाइव्ह किंवा आय सेव्हन लावतात, चमचमत्या दिव्यांच्या केबिनेटमध्ये घालतात आणि "आय सेव्हन, १६ जीबी रॅम" म्हणून विकतात. खोटे काहीच नाही, फक्त पिढी सांगत नाहीत. किंमत बघून आपल्यालाही मोह होतो.

विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते आणि त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ती चमचमती पेटी घरी आली त्या दिवसापासूनच मागे पडलेली असते. आमचा २०१९ चा आठव्या पिढीचा कॉम्प्युटर मात्र या चाळणीतून पार झाला. बायोसमध्ये जाऊन टीपीएमची सेटिंग चालू करावी लागली, इंटेलच्या बोर्डावर ती "पीटीटी" या नावाने असते. एएमडीवर "एफटीपीएम". चुकीचा बोर्ड परत न घेतल्याचा राग त्या दिवशी थोडा कमी झाला.

जुने मिळत असेल आणि पैसेच नसतील तर जुने घ्यायला माझी ना नाही. त्यावर लिनक्स घाला, मुलांना चित्र काढायला आणि टायपिंगला उत्तम चालते. पण जुन्याची किंमत जुनीच द्या.

मापे आणि वीज

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ चा चौरस, मिनी आयटीएक्स १७० चा चौरस. मोठ्या केबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा बसत नाही. शाळा आणि घर दोन्हींसाठी मायक्रो एटीएक्स पुरे. मिनी दिसायला गोड, पण महाग, आणि आत हात जात नाही.

प्रोसेसरला एक-सव्वा व्होल्टच्या आसपास वीज लागते आणि एसएमपीएसकडून येते १२ व्होल्ट. ती उतरवण्याचे काम सॉकेटभोवतीचे छोटे चौकोनी भाग करतात. त्या भागांवर धातूचे जाड पंखे, म्हणजे हीटसिंक, असेल तर चांगले. आय थ्रीला नसले तरी चालते, पण स्वस्त बोर्डावर आय सेव्हन लादू नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बोर्ड आधीच तापलेला असतो.

आणि अर्थिंग! केबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर शाळेच्या प्लगमधली तिसरी पिन नुसती नावाला आहे. आधी वायरमन बोलवा, मग बोर्ड घ्या. मुले त्या पेटीला हात लावणार आहेत.

दुकानातला दिवस

कोटेशनवर बोर्डाचे पूर्ण मॉडेल नाव लिहून घ्या. जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर टाकायला सांगा. नामांकित कंपन्या बोर्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी देतात, पण नंबर जुळला तरच. खोके उघडल्यावर सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण काढून आतल्या पिना तिरप्या उजेडात पाहा. सगळ्या एका दिशेला, कवायतीच्या रांगेसारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी जरी वाकलेली असेल तर तो बोर्ड तिथेच परत करा. घरी आणल्यावर कंपनी "तुम्हीच वाकवली" म्हणते. त्यावर आपल्याला बोलता येत नाही.

शक्य असेल तर दुकानातच, केबिनेटमध्ये घालण्याआधी, बोर्ड खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा आणि एक रॅम लावून चित्र आलेले बघा. पाच मिनिटांचे काम आहे. मी २०१९ मध्ये ही पाच मिनिटे मागितली असती तर २ ऑक्टोबर नीट पार पडला असता.

स्वतः जोडणार असाल तर सिंथेटिक साडी किंवा स्वेटर घालून बसू नका, अंगावर स्थिर वीज साचते. आधी केबिनेटच्या धातूला हात लावा, मग बोर्डाला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि नुसता अलगद ठेवा, दाबू नका. वरची दांडी लावताना मात्र जोर लागतो आणि करकर आवाज होतो. घाबरू नका, तो होतोच. पंखा फिरतोय पण चित्र नाही, असे झाले तर सर्वात आधी सॉकेटजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी बघा. मोठी २४ पिनांची सगळे लावतात, ही छोटी विसरतात.

बोर्डावर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटरची तारीख रोज मागे जात असेल तर तो संपला. तारीख चुकीची असेल तर सरकारी वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" असे म्हणून उघडत नाहीत, आणि आपण नेटवर्कला शिव्या देत बसतो. सेल बदला, तारीख लावा.

वर्गातला जुना बोर्ड

तो परत न घेतलेला एच११० अजून आमच्या वर्गात आहे. सॉकेटचे झाकण लावूनच तो मुलांच्या हाती देते. दरवर्षी चौथीच्या मुलांना त्याचा नकाशा काढायला सांगते, गावाचा काढतो तसा. मुले स्वतःच नावे ठेवतात. सॉकेट म्हणजे चावडी, रॅमचे स्लॉट म्हणजे आळ्या, तांब्याच्या रेषा म्हणजे पाणंदी, वीज येते ती डीपी. भोकांवर केबली लावून बघतात, कुठली कुठे बसत नाही ते शोधतात. दोन तासांचा उपक्रम सहज होतो. तुमच्या शाळेच्या अडगळीत बंद पडलेला बोर्ड असेलच. सेल काढून ठेवा आणि द्या मुलांना.

या वर्षी एका मुलीने विचारले, "बाई, हा खराब झालाय का?" म्हटले, नाही गं, चांगला आहे, त्याला त्याचा प्रोसेसरच मिळाला नाही. तर वाचकहो, कुणाकडे सहाव्या किंवा सातव्या पिढीचा, ११५१ सॉकेटचा प्रोसेसर पडून असेल तर जरूर कळवा. आय थ्री-६१०० पासून काहीही चालेल. सपोर्ट लिस्ट मी या वेळी आधीच बघून ठेवली आहे.